झोके मोजणारे केरोनाना

प्रतिनिधी

मुंबईत अचूक वेळ दाखविणारे लंबकाचे घड्याळ उचलून लोणावळ्यात आणून ठेवले, तर ते मागे पडू लागते. घड्याळात बिघाड झालेला नसतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंचावर आहे आणि तेवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ सुमारे पाच हजारांत एका भागाने उणावते. घाटमाथ्याखालील काळ्या खडकाची स्वतःची ओढ ही तूट काही अंशी भरून काढते, तरीही लंबकाचा प्रत्येक झोका किंचित लांबतोच. दिवसाअखेरीस हा फरक पाच ते आठ सेकंदांच्या घरात जातो. मावळच्या थंड हवेने लंबकाची पोलादी दांडी आखडते आणि घड्याळ दर अंशामागे दिवसाला अर्धा सेकंद पुढे जाऊ पाहते, हा आणखी एक भाग. वेळेची काळजी वाहणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो.

असा हिशेब मराठी विद्यार्थ्याला मराठीतून समजावून सांगणाऱ्या पहिल्या पिढीतील शिक्षकांत केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरोनाना, यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू एवढीच त्यांची ओळख आज बहुतेकांस असते. काहींची तर सर्कशीच्या विष्णुपंत छत्र्यांशी गल्लत होते. प्रत्यक्षात या गृहस्थाने आपल्या उमेदीची दहा वर्षे झोके मोजण्यात घालविली आणि उरलेले आयुष्य त्याच झोक्यांचे गणित आकाशाला लावण्यात.

केरोनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. लहानपणीच पोरकेपण आले आणि चुलत्यांच्या आधाराने ते शिक्षणासाठी मुंबईस आले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना दोन शिक्षक असे लाभले, की त्यांच्या आयुष्याची दिशाच ठरून गेली. एक प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार आणि दुसरे बाळशास्त्री जांभेकर. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री वृत्तपत्रसृष्टीला परिचित आहेत. ते गणिताचे आणि ज्योतिषाचे अध्यापक होते आणि कुलाब्याच्या वेधशाळेचा कारभारही त्यांनी काही काळ पाहिला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पुढे त्याच वेधशाळेचा कारभार 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांच्याकडेही होता. संपादकाने रात्री बातम्या सोडून सुया न्याहाळाव्यात, असा तो काळ.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली ती ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविण्यासाठी. १८४० च्या सुमारास तिच्यावर नवी जबाबदारी आली. जर्मनीत गॉटिंगेन येथे कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी जगभर एकाच पद्धतीने आणि एकाच घड्याळानुसार व्हावी असा घाट घातला होता. ब्रिटनने १८३९ मध्ये ती योजना उचलून धरली. टोरांटो, सेंट हेलेना, केप आणि होबार्ट येथे चुंबकीय वेधशाळा उभ्या राहिल्या. कंपनी सरकारच्या वाट्याला मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही ठिकाणे आली. ऑर्लेबारांना हाताखाली हुशार, चिकाटीची मुले हवी होती. त्यांनी केरोनानांना निवडले. वय पंधरा-सोळा आणि पगार दरमहा पन्नास रुपये.

काम काय होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण या चरित्राचा गाभा तेथेच आहे. बंद, वारा न शिरणाऱ्या खोलीत एक लोहचुंबकाची पट्टी रेशमाच्या न पिळलेल्या तंतूंनी आडवी टांगलेली असे. काही अंतरावर दुर्बीण आणि मोजपट्टी. चुंबकाबरोबर हलणाऱ्या खुणेवरून तो कोणत्या दिशेला रोखून आहे, हे दुर्बिणीतून वाचायचे आणि वहीत टिपायचे. वरकरणी सोपे वाटणाऱ्या या कामात एक अडचण मुरलेली होती. टांगलेला चुंबक कधीही पूर्ण स्थिर राहत नाही. तो हळूहळू डावीकडे जातो, थबकतो, मागे फिरतो, मधल्या जागेवरून सर्वाधिक वेगाने पुढे सरकतो, उजवीकडे पुन्हा थबकतो. वाचायची असते ती मधली जागा, आणि नेमका तेथेच तो क्षणभरही थांबत नाही.

मग काय करायचे? थांबे वाचायचे. उजवीकडचे टोक, मग डावीकडचे, मग पुन्हा उजवीकडचे. झोका दर खेपेला थोडा लहान होत जातो, म्हणून दोनच टोकांची सरासरी घेऊन भागत नाही. उजवीकडच्या दोन वाचनांची सरासरी घ्यायची आणि तिची डावीकडच्या वाचनाशी सरासरी काढायची. तेव्हा मधली जागा हाती लागते.

या झोक्याला मराठी परिभाषेत सरल हरात्मक गती म्हणतात. महाविद्यालयातील मुले तिला नुसते 'एसएचएम' म्हणून मोकळी होतात. तिचा नियम एका वाक्याचा आहे. वस्तू आपल्या मूळ जागेपासून जितकी दूर जाईल, तितक्याच प्रमाणात तिला मागे खेचणारे बल वाढावे. दुप्पट अंतर, दुप्पट ओढ. ताणलेली स्प्रिंग, बाजूला सारलेला लंबक, पिळलेली तार, दिशेवरून ढळलेला चुंबक, सर्वांना हाच नियम लागू पडतो. यातून निघणारा निष्कर्ष पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही: झोका लहान असो वा मोठा, त्याला लागणारा वेळ सारखाच. मोठ्या झोक्यात वाट लांब असते, पण मागे खेचणारी ओढही त्याच प्रमाणात मोठी असल्याने वेगही वाढतो आणि हिशेब बरोबर मिटतो.

लंबकाच्या बाबतीत मात्र हे निखळ खरे नाही. लंबकाला मागे खेचणारी ओढ कोनाच्या नव्हे, तर कोनाच्या ज्येच्या प्रमाणात असते आणि कोन लहान असेपर्यंतच त्या दोहोंत फरक पडत नाही. मध्यापासून दोन्ही बाजूंना पाच-पाच अंश झोका घेणारे घड्याळ अगदी छोटा झोका घेणाऱ्या घड्याळाच्या तुलनेत दिवसाला चाळीसेक सेकंद मागे पडते. गॅलिलिओने लंबकाचा समकालिकपणा जगापुढे मांडला, ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये त्यावरून घड्याळ केले. आणि हा बारीक दोषही हायगेन्सनेच गणिताने उलगडून दाखविला. कुलाब्याच्या चुंबकाचे झोके अंशाच्याही अंशाइतके असत. तेथे नियम जवळजवळ तंतोतंत पाळला जाई.

त्या झोक्यांचा उपयोग केवळ दिशा ठरविण्यापुरता नव्हता. चुंबकाला उत्तरेकडे वळविणारी पृथ्वीची ओढ जितकी जोरकस, तितका तो घाईने हेलकावे घेतो. ओढ चौपट झाली तर झोक्याचा वेळ निम्मा होतो. म्हणजे घड्याळ हाती घेऊन शंभर झोक्यांचा वेळ मोजला, की पृथ्वीची ओढ मोजता येते. गाउस यांची खरी करामत येथे दिसते. झोक्याच्या वेळेतून पृथ्वीची ओढ आणि चुंबकाचा जोर यांचा गुणाकार मिळतो. तोच चुंबक दुसऱ्या सुईशेजारी ठेवून ती किती ढळते हे पाहिले, की त्या दोहोंचा भागाकार मिळतो. गुणाकार आणि भागाकार दोन्ही ठाऊक असले, की दोन्ही संख्या वेगळ्या काढणे हे शाळेतील बीजगणित. दूर अंतराळातून वजनकाटा न आणता पृथ्वीचे चुंबकत्व ग्रॅम, मिलिमीटर आणि सेकंद यांत सांगता येऊ लागले ते १८३२ पासून, या युक्तीने.

ही वाचने दिवसरात्र घ्यावी लागत. शिवाय ठरावीक दिवशी चोवीस तास दर काही मिनिटांनी, गॉटिंगेनच्या वेळेप्रमाणे, जगातील सर्व वेधशाळा एकाच क्षणी वाचन घेत. मुंबईचे ऊन, पावसाळ्यातील दमट खोली आणि मध्यरात्रीचा दिवा यांत दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाला डुलकी लागली आणि त्याने अंदाजाने आकडा लिहिला, तर ते कुणाच्या लक्षात येणे कठीण. दिवसभरात या ओढीत होणारा बदलच मुळी हजारात एक-दोन भागांचा. वहीतला एक खोटा आकडा त्यात सहज लपू शकला असता आणि टोरांटोपासून सिंगापूरपर्यंतच्या तुलनेत शिरला असता. विज्ञान म्हणजे बुद्धीची चमक अशी समजूत असणाऱ्यांनी या नोकरीचा विचार जरूर करावा. केरोनानांनी ती सुमारे दहा वर्षे केली.

कुलाब्याच्या या नोंदी पुढे किती मोलाच्या ठरल्या, हे एका गोष्टीवरून कळते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबक बिथरतील, हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय विभाग अलिबागला हलविला आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन मालिका तुटू दिली नाही. १८४६ पासूनच्या नोंदी त्यांनी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. अलिबागची वेधशाळा आजही काम करते. केरोनानांचे नागाव तेथून काही किलोमीटरच्या अंतरावर आहे.

१८५१ मध्ये केरोनाना पुण्यातील महाविद्यालयात गणित आणि सृष्टिविज्ञान शिकविण्यासाठी रुजू झाले. मुंबईहून पुण्यास येण्याची वाट तेव्हा भोरघाटाच्या १८३० मध्ये खुल्या झालेल्या गाडीरस्त्याने खंडाळा, लोणावळा, कार्ला, वडगाव अशी मावळातून जात असे. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली आणि घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये. आज लोकल गाडीने ये-जा करणाऱ्या लोणावळेकराला त्या प्रवासाची कल्पना येणे अवघड आहे. त्या वाटेवर तेव्हा वीजही नव्हती. लोणावळ्याच्या धरणांतील पाण्यावर खोपोलीत टाटांची वीजनिर्मिती सुरू झाली ती १९१५ मध्ये. घराघरांतील वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते तीही याच हरात्मक नियमाने.

पुण्यात केरोनानांपुढे प्रश्न वेगळा होता. विषय नवा, पुस्तके इंग्रजीत आणि विद्यार्थी मराठी. त्यांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञान यांवर मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली. भरती-ओहोटी, हवा, कालज्ञान अशा विषयांवर निबंध लिहिले. हे विषय विस्कळीत वाटतात खरे, पण भरती-ओहोटी म्हणजे समुद्राचा झोका आणि कालज्ञान म्हणजे झोक्यांची मोजदाद. हवामानाच्या नोंदी ठेवून सूर्यावरील डागांशी त्यांचा काही संबंध लागतो का, हेही ते पाहत होते. कुलाब्याची सवय सुटली नव्हती.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे होय. १८६० मध्ये ते प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील पंचांगे तेव्हा गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून होत. तो ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे इसवी सन १५२० चा. गणकाला ज्या-कोज्या न वापरता काम उरकता यावे, अशी त्याची सुटसुटीत रचना. म्हणूनच तो घरोघरी पोचला. परंतु सव्वातीनशे वर्षांत लहान लहान चुका साठत गेल्या होत्या.

चंद्राचेच उदाहरण घ्या. तो सरासरी जागेपासून कधी पुढे, कधी मागे असतो आणि हे पुढेमागे होणे म्हणजे पुन्हा झोकाच. जुन्या गणितात मुख्य झोका एक, सुमारे पाच अंशांचा. वास्तविक एकात एक अडकलेले अनेक झोके आहेत: एक सव्वासहा अंशांचा, दुसरा सव्वा अंशाचा, तिसरा पाऊण अंशाहून थोडा कमी, आणि पुढे बारीक बारीक. पौर्णिमा-अमावास्येला पहिले दोन एकमेकांतून वजा होऊन पाच अंश उरतात, त्यामुळे ग्रहणे बऱ्यापैकी जुळत. अष्टमीच्या सुमारास मात्र ते एकत्र येतात तेव्हा अडीच अंशांची चूक होते. चंद्र सूर्यापासून तासाला अर्धा अंश दूर जातो, म्हणजे तिथी चार-पाच तासांनी चुकते. एकादशी कोणत्या दिवशी, याचा निर्णय यावर अवलंबून. केरोनानांनी युरोपीय वेधांवर आधारलेली कोष्टके मराठी गणकाच्या हाती दिली ती ही चूक मिटविण्यासाठी.

या ठिकाणी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. झोक्याचे हे गणित परदेशातून आलेले, अशी समजूत असते. झोक्यातील वस्तूची जागा दर क्षणाला ज्येच्या कोष्टकानुसार बदलते आणि हे कोष्टक आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये दिले आहे. त्याच्या शेजारशेजारच्या ज्यांतील फरक २२५, २२४, २२२, २१९, २१५ असे उतरत जातात. त्या फरकांतील फरक पाहिले तर एक, दोन, तीन, चार; ते ज्येच्याच प्रमाणात वाढतात. जागा जितकी दूर, तितकी ओढ मोठी, हा झोक्याचा नियम याहून निराळा नाही. आर्यभटाने लंबकाचा विचार केला होता, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. तसे म्हणणारे अतिउत्साही लोक आपल्याकडे कमी नाहीत. पण जुने ज्योतिष शिकलेल्या आणि नवे पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या केरोनानांसारख्या माणसाला दोन्हीकडे एकच कोष्टक लागे, हे निश्चित.

कोष्टके सुधारणे ही एक गोष्ट, सण हलविणे ही दुसरी. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, या प्रश्नावर केरोनानांनी रेवती नक्षत्रातील एक मंद तारा, पाश्चात्त्य नावाने झीटा पिशियम, हा आरंभबिंदू मानला. त्यावरून अयनांश, म्हणजे संपातबिंदूपासून राशिचक्राच्या आरंभाचे अंतर, सुमारे अठरा अंश येत होते. ग्रहलाघवाच्या पद्धतीने ते बावीस अंशांवर जात. फरक चार अंशांचा. सूर्य दिवसाला एक अंश चालतो, तेव्हा मकरसंक्रांत चार दिवस आधी. काही वर्षी अधिक महिनाच वेगळा धरावा लागे आणि मग दिवाळी-दसऱ्यांत महिनाभराचे अंतर पडे. आबासाहेब पटवर्धन यांच्या पाठबळाने शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, या गणिताचे पंचांग निघू लागले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले.

विरोध दोन्ही बाजूंनी झाला. परंपरेच्या अभिमान्यांना चार दिवस आधीची संक्रांत मान्य नव्हती. दुसरीकडे विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित या अभ्यासकांना हा बदल अपुरा वाटत होता. ऋतूंशी मेळ हवा असेल तर तारा सोडून संपातबिंदूच धरा, असा त्यांचा सायन पक्ष. लेले आणि केरोनाना यांचा वाद वृत्तपत्रांतून रंगला. आज त्रयस्थपणे पाहता सायनवाद्यांचा युक्तिवाद अधिक नेटका वाटतो. नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यावर सगळ्या सणांचा भार टाकणे आणि तोच प्राचीनांचा रेवतीतारा हे सिद्ध करणे, दोन्ही कठीणच. परंतु आकाशाकडे पाहून पंचांग तपासले पाहिजे, हा आग्रह ज्या माणसाने प्रथम जनतेत नेला, त्याच्या अंगावर पहिला रोष आला, हेही खरे. दहा वर्षे मधली जागा शोधण्यात घालविलेल्या माणसाला आरंभबिंदूबाबत ढिलाई सहन झाली नसावी, असे म्हणावेसे वाटते.

डेक्कन कॉलेजात केरोनाना गणित शिकवीत तेव्हा बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी होते. टिळकांना गणिताची गोडी आधीपासूनच होती; ज्योतिषाची दृष्टी त्यांना येथे मिळाली. १८९३ मध्ये टिळकांनी 'ओरायन' लिहिले ते वेदांचा काळ संपातबिंदूच्या सरकण्यावरून ठरविण्यासाठी, आणि पंचांगाच्या प्रश्नात ते गुरूंच्याच पक्षाने उभे राहिले. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या ज्योतिष परिषदेतही त्यांनी भाग घेतला.

सरकारने केरोनानांना १८७७ मध्ये रावबहादूर हा किताब दिला. १८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. सायनवाद्यांचे स्वतंत्र पंचांग त्याच वर्षी, शके १८०६ मध्ये, निघू लागले. केरोनानांच्या गणिताची परंपरा पुढे टिळक पंचांग या नावाने चालू राहिली. ते पाळणाऱ्या घरांत मकरसंक्रांत आजही शेजाऱ्यांच्या आधी, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येते.